दुसऱ्या वासराचं देणं

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर-मध्य भागात सँडहिल्स नावाचा प्रदेश पसरला आहे. गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, मैलोन्‌मैल कुरणं, आणि त्यांत काळ्या अँगस नाहीतर तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाई. या राज्यात माणसं सुमारे २० लाख आणि गुरं ६० लाखांहून जास्त. सँडहिल्समधली गाय मांसासाठी पाळलेली असते, तिची धार कुणी काढत नाही. वर्षाला एक वासरू द्यायचं आणि ते स्वतःच्या दुधावर वाढवायचं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. सहा-सात महिन्यांचं, सव्वादोनशे-अडीचशे किलोचं झालं की वासरू विकलं जातं. पुढे फीडलॉटमध्ये मक्यावर पोसून दीड वर्षाच्या आसपास ते कत्तलखान्यात जातं. रँचवरच्या कुटुंबाचं वर्षाचं पोट या एका वासरावर असतं.

शंभरातल्या एखाद-दुसऱ्या गाईला जुळी होतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, एका वेतात दोन, म्हणजे लॉटरीच लागली. रँचवाल्याच्या मात्र कपाळाला आठी पडते.

कारण पहिलं वासरू पडतं, गाय त्याला चाटून कोरडं करते, ते धडपडत उभं राहतं, आणि तेवढ्यात तिला पुन्हा कळा येतात. दुसरं पडतं तेव्हा पहिलं दोन पावलं पुढे गेलेलं असतं आणि आई त्याच्यामागे निघते. गाईची ओळख नाकाने होते. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जे वासरू तिने हुंगलं-चाटलं ते तिचं. जे राहून गेलं ते परकं. नंतर ते भुकेने कासेशी आलं तर ती त्याला ढुशी देऊन दूर लोटते. तिच्यात दुष्टपणा नसतो. तिच्या लेखी तिला एकच वासरू झालेलं असतं.

मग माणसाचं काम सुरू होतं. मार्चमधली रात्र, जमिनीवर बर्फाचा चिखल, आणि ओलं वासरू मान टाकून पडलेलं. जुळी बहुधा दिवस भरण्याआधी आठवडाभर येतात आणि वजनाला कमी असतात, त्यामुळे ती लवकर गारठतात. अनुभवी माणूस आधी वासराच्या तोंडात बोट घालून बघतो. तोंड थंड लागलं, तर ते चोखण्याच्या पलीकडे गेलेलं आहे. त्याला पिकअपच्या केबिनमध्ये हीटरसमोर ठेवायचं, पोत्याने खसाखसा घासायचं, नाहीतर सरळ घरातल्या टबात कोमट पाण्यात धरायचं. ऊब आली की पोटात चीक गेलाच पाहिजे. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भाला मिळत नाहीत. वासरू त्या बाबतीत रित्या हाताने जन्माला येतं. ती द्रव्यं चिकातून मिळतात आणि आतड्यांतून रक्तात शिरतात, पण हे दार चोवीस तासांत बंद होतं. पहिले सहा तास सर्वांत मोलाचे. चोखता येत नसेल तर नळी घशातून पोटात उतरवून चीक ओतावा लागतो, आणि नळी श्वासनलिकेत गेली नाही ना, हे दोन बोटांनी गळा चाचपून बघावं लागतं. मग गाय आणि दोन्ही वासरं एका लहान खोप्यात काही दिवस कोंडायची, म्हणजे आईला एकाला मागे ठेवून चालतं होता येत नाही.

हे सगळं ज्याच्यासाठी, त्या वासराचा मृत्यू साधारण कोणत्या महिन्यात होणार हे माणसाला आधीच ठाऊक असतं. इथे एक जुना प्रश्न उभा राहतो, आणि जुळ्यांमुळे तो टाळता येत नाही. ज्या जिवाला आपणच शेवटी मारायला पाठवणार, त्याच्या जगण्यासाठी रात्र जागवणं ही कसली माया? ती खरी असेल तर शेवट तसा का, आणि शेवट ठरलेलाच असेल तर ही जागरणं कशाला?

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे हा सारा पैशाचा मामला आहे. वासरू म्हणजे माल, आणि माल वाचवायला कोणीही रात्री उठेल. पहिल्या वासराच्या बाबतीत हे उत्तर चालून जातं, दुसऱ्याच्या बाबतीत ते लंगडं पडतं. दोघांना पाजणारी गाय खंगते, उशिरा माजावर येते, पुढच्या वर्षी गाभण राहीलच याची खात्री नसते. म्हणून बरेच रँचवाले एक वासरू काढून घेऊन बाटलीवर वाढवतात. मग दुधाची पावडर आली, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात कालवणं आलं, हगवण आणि न्यूमोनियाशी झगडणं आलं. या माणूसबळाची मजुरी कोणी मांडायला बसलं, तर अशी कितीतरी वासरं आतबट्ट्याची ठरतील. तरी ती वाढवली जातात.

त्यात जुळ्यांपैकी एक गोऱ्हा आणि एक कालवड असली, तर कालवडीवर आणखी एक संकट असतं. पोटात असतानाच दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, भावाच्या रक्तातले संप्रेरक बहिणीच्या रक्तात उतरतात आणि तिची जननेंद्रियं नीट घडत नाहीत. अशा शंभर कालवडींपैकी नव्वदहून अधिक वांझ निघतात. इंग्रजीत तिला फ्रीमार्टिन म्हणतात. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७९मध्ये रॉयल सोसायटीपुढे अशा जनावरांची चिरफाड करून निरीक्षणं मांडली, आणि शिकागोच्या फ्रँक लिली यांनी १९१६च्या सुमारास त्यामागचं रक्ताचं नातं उलगडलं. पैदाशीसाठी गाई राखणाऱ्या घरात ही कालवड पहिल्या दिवसापासून उणी. तिच्या कानात बिल्ला टोचतानाच वहीत खूण होते की हिला कळपात ठेवायची नाही.

या वांझ बहिणीची बाजू घेताना तिची दुसरी उपयुक्तता दाखवण्याचा मोह होतो, आणि ती दाखवण्याजोगी आहेही. १९४५मध्ये विस्कॉन्सिनच्या रे ओवेन यांनी जुळ्या वासरांचं रक्त तपासलं. त्यांच्या पुढ्यातल्या एका प्रकरणात तर एकाच गर्न्सी गाईच्या पोटी एक वासरू गर्न्सी वळूचं आणि दुसरं हेरफर्ड वळूचं होतं. अशा भिन्न जुळ्यांच्या अंगातही एकमेकांच्या रक्तपेशी जन्मभर सुखाने नांदत असल्याचं ओवेन यांना आढळलं. दुसऱ्याच्या पेशी शरीर परक्या मानत नाही, हे कसं? हा धागा पकडून मॅकफार्लेन बर्नेट आणि पीटर मेडावर यांनी प्रतिकारशक्तीच्या सहिष्णुतेचा सिद्धांत उभा केला, आणि १९६०चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. अवयवरोपणाच्या शास्त्राची मुळं अशी जुळ्या वासरांच्या गोठ्यात पोचतात. पण उपयोग दाखवून एखाद्याचा जगण्याचा हक्क सिद्ध करायला गेलं, की आपण तीच हिशेबाची वही फक्त मोठ्या आकाराची घेऊन बसतो. या कालवडीचं देणं लागायचं असेल, तर ती कुणाच्या कामी आली म्हणून नव्हे.

इमॅन्युएल कांट यांचं उत्तर वेगळ्या वळणाचं होतं. प्राण्याशी क्रूर वागणारा माणूस माणसांशीही निबर होतो, म्हणून प्राण्यांशी दयेने वागावं, असं त्यांनी आपल्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत सांगितलं. यात तथ्य आहे, पण या मांडणीत वासराचं स्वतःचं असं काहीच देणं उरत नाही. ते माणसाच्या चारित्र्याचं तालीमघर बनतं. जो माणूस नळी उतरवताना वासराचा गळा चाचपतो, त्याचं लक्ष स्वतःच्या मनाच्या मऊपणाकडे नसतं. ते त्या गळ्यातल्या श्वासाकडे असतं.

दुसऱ्या टोकाला ‘आम्ही मारतो म्हणूनच ती जन्मतात’ हा युक्तिवाद आहे. लेस्ली स्टीफन या इंग्रज लेखकाने १८९६मध्ये तो डुकराच्या उदाहरणाने मांडला: मांस खाणारे नसते, तर डुकराचा जन्मच झाला नसता, तेव्हा त्याचा खरा हितकर्ता खाणाराच. हेन्री सॉल्ट यांनी ‘लॉजिक ऑफ द लार्डर’ या लेखात त्याचा समाचार घेतला. जे अजून अस्तित्वातच नाही त्याच्यावर उपकार होऊ शकत नाहीत, आणि जन्म दिला म्हणून जन्मलेल्यावर हवा तो अधिकारही मिळत नाही, असा त्यांचा मुद्दा. लंडनमध्ये शिकायला आलेल्या मोहनदास गांधींना शाकाहार मनापासून पटला तो याच सॉल्ट यांचं पुस्तक वाचून.

धर्मग्रंथ या प्रश्नाभोवती फार सावधपणे वावरतात. सँडहिल्समधली बहुतेक कुटुंबं ख्रिस्ती. उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला प्राण्यांवर सत्ता देतो, हे त्यांना बालपणापासून माहीत. अँड्र्यू लिन्झी या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १९९४च्या ‘अॅनिमल थिऑलॉजी’ या पुस्तकात त्या सत्तेचा अर्थ ख्रिस्ताच्या आचरणावरून लावावा असा आग्रह धरला. जो प्रभू शिष्यांचे पाय धुतो, त्याच्या धर्मात सत्ता म्हणजे दुबळ्याची सेवाच ठरते. स्वतः लिन्झी त्यावरून मांसाहाराविरुद्धच्या निष्कर्षाला पोचतात. ज्यूंच्या आणि ख्रिश्चनांच्या सामायिक वारशातलं लेवीय हे पुस्तक प्राण्याच्या बळीला परवानगी देतं, पण बाविसाव्या अध्यायात दोन बंधनं घालतं: नवजात वासरू सात दिवस आईजवळ राहिलं पाहिजे, आणि गाय व तिचं वासरू एकाच दिवशी कापायचं नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू तत्त्वज्ञाने या दुसऱ्या आज्ञेचं कारण दिलं. पिल्लासाठी तुटणारं आईचं काळीज बुद्धीवर अवलंबून नसतं, त्यामुळे त्या वेदनेत माणूस आणि जनावर यांत फरक नाही.

ज्यूंच्या ताल्मुद या धर्मग्रंथातल्या बाबा मेत्सिया या भागात तर एक वासरूच या प्रश्नाचा नायक आहे. मिश्ना ही ज्यू नियमसंहिता संकलित करणारे थोर धर्मगुरू यहुदा हनासी यांच्यासमोरून एक वासरू कापायला नेलं जात होतं. ते सुटून आलं, त्यांच्या झग्यात डोकं खुपसून रडू लागलं. त्यांनी त्याला सांगितलं, जा, तू त्यासाठीच घडवला गेलास. स्वर्गात ठरलं की याला दया आली नाही, तर याच्यावरही दुखणं येऊ दे. तेरा वर्षं त्यांनी असह्य वेदना भोगल्या. पुढे एकदा घर झाडताना मोलकरणीला विझल या छोट्या प्राण्याची पिल्लं दिसली. ती त्यांना बाहेर लोटू लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं, आणि दुखणं गेलं.

या कथेत वासरू वाचत नाही, आणि मांस खाणं पाप आहे असंही ती सांगत नाही. यहुदा जे बोलले ते त्या काळच्या धर्माला धरूनच होतं. त्यांची चूक एवढीच की आसऱ्याला आलेल्या जिवाला त्यांनी सिद्धांत ऐकवला. झग्यात डोकं खुपसलेल्या वासराला त्या क्षणी सृष्टीतल्या आपल्या स्थानाचं प्रवचन नको होतं. पिकअपमध्ये हीटरसमोर पडलेल्या दुसऱ्या वासरालाही ते नको असतं.

इथून एक वाट दिसते. रानातल्या गव्याने किंवा बायसनने जुळ्यांपैकी एक मागे टाकलं, तर कुणाला दोष देता येत नाही. रँचवरची गोष्ट निराळी. तिथे कोणती गाय, कोणता वळू, कोणत्या महिन्यात विणं, हे माणसाने ठरवलेलं असतं. तारेचं कुंपण त्याचं, त्या कुंपणाच्या आत थंडीत पडलेलं वासरूही त्याचंच. ज्याने त्याच्या सगळ्या वाटा ठरवल्या, त्याने ‘आई घेत नाही तर मी काय करू’ म्हणून हात झटकणं बरोबर नाही. देणं इथे उगवतं. ते वासराच्या किमतीशी बांधलेलं नाही, ते वांझ निघेल की नाही याच्याशीही नाही. ते आपल्या हाती असलेल्या सत्तेतून येतं.

हे देणं फेडताना माणूस काय काय करतो, ते बघण्यासारखं आहे. शेजारच्या खोप्यात एखाद्या गाईचं वासरू मेलेलं असतं. ती हंबरत असते, कास तटतटलेली असते. रँचवाला मेलेल्या वासराचं कातडं सोलतो, पायांसाठी भोकं ठेवतो आणि ते दुसऱ्या वासराच्या अंगावर दोरीने बांधतो. मग त्याला त्या गाईपुढे सोडतो. ती हुंगते, बिचकते, पुन्हा शेपटीशी हुंगते. वास तिच्या बाळाचा, हालचाल परकी. बऱ्याचदा ती पान्हावते. दोन-चार दिवसांत वासराच्या शेणाला तिच्या दुधाचा वास येऊ लागला, की ते कातडं कापून काढतात. महाराष्ट्रातल्या गोठ्यांनाही अशी फसवणूक ठाऊक आहे. मेलेल्या वासराच्या किंवा रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते आईपुढे उभं करायचं, म्हणजे ती पान्हा सोडते. दोन्हीकडे कातडं तेच, आईच्या नाकाला दिलेला चकवाही तोच. पण पेंढा भरलेल्या कातड्यापुढचं दूध चरवीत जातं, आणि रँचवर एका बेवारस पोटात. फसवणुकीचं नैतिक वजन कोणाचं पोट भरलं यावरून बदलतं, हे इथे उघड दिसतं.

मग कत्तलीचं काय? त्या रात्रीच्या जागरणाने तिची किंमत चुकती होते, असं मानणारे अनेक आहेत: आम्ही त्याला चांगलं आयुष्य दिलं, आता ते आम्हाला मांस देतं. हा सौदा वासराने कधी केलेला नाही. संगोपनाचं देणं आणि मारण्याचं समर्थन ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. ज्याला मारणं योग्य वाटतं त्याने त्याचं कारण स्वतंत्रपणे द्यावं, माया दाखवल्याचा दाखला जोडून नव्हे. उलट बाजूनेही हे खरं आहे. कत्तल चूक आहे म्हणून तिच्याआधीची माया खोटी ठरत नाही.

मारणं आणि माया यांची सांगड आपल्याकडेही एका वासराने घातली होती. १९२८मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू दुखण्याने पार खचलं. त्याला उठता येईना, कूसही बदलता येईना. उपचार संपल्यावर गांधीजींनी डॉक्टरकडून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं आणि त्याबद्दल आपल्या साप्ताहिकांत उघडपणे लिहिलं. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला, विशेषतः जैन आणि वैष्णव वाचकांकडून. गांधीजींनी माघार घेतली नाही. आपला कोणताही स्वार्थ नसताना, केवळ त्या जिवाच्या यातना थांबवण्यासाठी घेतलेला प्राण हिंसा ठरत नाही, ही त्यांची भूमिका. तिच्याशी मतभेद होऊ शकतो. पण त्यांनी लावलेली कसोटी, म्हणजे हे कोणासाठी चाललं आहे, ती रँचवरच्या कत्तलीला लावली तर ती उतरत नाही. तीच कसोटी पुणे किंवा नगरच्या दूधपट्ट्यातल्या संकरित गाईच्या गोऱ्ह्याला लावली, तर आपलीही पंचाईत होते. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला औताला कोणी विचारत नाही, २०१५पासून राज्यात गोवंशहत्येला बंदी आहे, आणि दूध डेअरीला घालायचं असल्याने त्याच्या वाट्याला चीकही पुरता येत नाही. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते, तेव्हा त्या वत्सांत असा गोऱ्हाही असायला हवा. तो न कापणं एवढ्याने त्याचं देणं फिटत नाही.

आणि मागणी देऊन जुळी जन्माला घालायची ठरली तर? हा प्रयोग नेब्रास्कातच झाला. क्ले सेंटर गावाजवळ, नौदलाच्या जुन्या दारूगोळा कोठाराच्या जागेवर, १९६४मध्ये अमेरिकी सरकारचं मांसपशू संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथे १९८१पासून जुळी देणाऱ्या गाई निवडून त्यांचा वेगळा कळप वाढवण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या निवड करत जुळ्यांचं प्रमाण शेकडा पन्नासच्या वर गेलं. एका गाईत दोन वासरं बसवायची, म्हणजे मांस स्वस्त पडेल, असा विचार. पण विणं अडू लागलं, एकाचा पाय आणि दुसऱ्याचं डोकं एकाच वेळी वाटेत यायला लागलं, अशक्त वासरं दगावू लागली आणि वांझ बहिणींची भर पडत गेली. २०१५मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या केंद्रातल्या प्राण्यांच्या हालांवर सविस्तर लिहिलं, त्यात हा कळपही होता.

निसर्गाने अवचित दिलेलं दुसरं वासरू आणि योजनेने मागवलेलं दुसरं वासरू यांत देण्याचा मोठा फरक आहे. पहिल्याच्या वेळी माणूस आलेल्या संकटाला धावून जातो. दुसऱ्याच्या वेळी ते संकट त्यानेच आखलेलं असतं, आणि प्रत्येक थंड पडलेलं तोंड त्याच्या आखणीत आधीच धरलेलं असतं. क्ले सेंटरची ही जुळ्यांची पैदास रँचवाल्यांनी फारशी उचलली नाही. त्यामागे मजुरीचा आणि मरतुकीचा हिशेब होताच. पण हा नकार देणारी माणसं तीच होती, जी अवचित आलेल्या दुसऱ्या वासराच्या घशात पहाटे तीनला चिकाची नळी उतरवतात, आणि ते काम काय असतं हे केंद्रातल्या तक्त्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.